द्या जरूर, पण तिथली चूल बघून द्या



घटस्थापनेच्या आठवड्यात सीना नदीने काठ सोडला. सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर हे तालुके, धाराशिवमधले परंडा आणि भूम, शिवाय बीड, लातूर, नांदेड, जालना या जिल्ह्यांतली कितीतरी गावं सप्टेंबर २०२५ च्या या पावसाने झोडपून काढली. ज्या भागाची ओळख आजवर टँकर आणि चारा छावण्यांनी होत आली, तिथे माणसांना छपरावरून बोटीत आणि हेलिकॉप्टरमध्ये घ्यावं लागलं. सोयाबीन काढणीला आलं होतं, ते उभ्या रानात सडलं. दावणीला बांधलेली जनावरं दावणीलाच गेली. काठच्या जमिनींवरची माती वाहून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. आणि घरात वर्षाची बेगमी म्हणून रचून ठेवलेल्या ज्वारीच्या पोत्यांना पाणी लागलं. दोन-तीन दिवसांत त्या पोत्यांच्या शिवणीतून पांढरे कोंब बाहेर आले. त्या ज्वारीची भाकरी आता होणार नाही.

हे सगळं तुम्ही वाचलं आहे, बघितलं आहे. तुमच्यापैकी बरेच जण एव्हाना जवळच्या मदत केंद्रावर पिशवी ठेवूनही आले असाल. त्याबद्दल मनापासून आभार. पुणे, मुंबई, नाशिक, ठाणे, कोल्हापूर, सगळीकडे गणेश मंडळांच्या मांडवात, शाळांच्या सभागृहात, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धान्य गोळा होतंय. मदत करणारे हात कमी पडतील अशी भीती केंद्रांवर सामान निवडणाऱ्या आम्हा माणसांना नाही. अडचण वेगळी आहे, ती तुम्हाला आजच सांगायला हवी, कारण टेम्पो रोज सुटतायत.

आलेल्या सामानातलं पुष्कळसं सामान तिथल्या माणसाच्या पोटात जाणारच नाही.

एका खोक्यात काय निघालं ते सांगतो. अर्धं वापरलेलं पास्त्याचं पाकीट, रबर लावून बंद केलेलं. ओट्सचा डबा, मुदत संपून चार महिने झालेला. मेयोनीजची बाटली. उरलेल्या मैद्याची पुरचुंडी. काचेच्या बरणीत कैरीचं लोणचं, त्याचं झाकण वाटेत सैल झालेलं, आणि त्या तेलात भिजलेली पाच किलो चांगली कणीक. तळाशी एक जरीचं परकर-पोलकं आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या. साबणाचा वास कणकेला आधीच लागला होता. देणाऱ्या माणसाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. कणीक तर त्याने आवर्जून नवी आणली होती. पण खोकं भरताना त्याने आपलं कपाट पाहिलं, ते जिथे पोचायचं ती जागा पाहिली नाही. असं एक खोकं निवडायला दोन माणसांचा अर्धा तास जातो आणि शेवटी त्यातून टेम्पोत चढवण्याजोगं फारसं काही उरत नाही.

म्हणून एकच विनंती आहे. देण्याआधी एक प्रश्न विचारा: हे ज्या घरात जाणार आहे, तिथली चूल आज कोणत्या अवस्थेत आहे?

चूल पेटलेली नसेल तर

पाणी ओसरल्यावरचे पहिले चार-सहा दिवस घरात गुडघाभर गाळ असतो. गॅसची टाकी वाहून गेलेली किंवा चिखलात रुतलेली, शेगडीच्या बर्नरमध्ये माती, सरपण ओलं, भांडी दोन गावं पुढे. वीज नाही, म्हणून बोअरचं पाणी नाही आणि पिठाची गिरणीही बंद. अशा घरात दहा किलो तांदूळ दिले तर ते ठेवायलासुद्धा कोरडी जागा नसते. गहू दिले तर दळणार कुठे?

या दिवसांत न शिजवता खाता येईल तेच द्या. बिस्किटांचे पुडे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की. टेट्रापॅकमधलं दूध फ्रीजशिवाय टिकतं, फोडलं की लगेच संपवायचं एवढंच. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्या. चांगली वाळवलेली कडक भाकरी महिनाभर सहज टिकते, हलकी असते, तिला ना फ्रीज लागतो ना चूल, आणि तिथल्या माणसाला ती आपली वाटते. सोलापुरात बचत गटांच्या कितीतरी बायका हीच भाकरी करून पोट भरतात. तुमची ऑर्डर त्यांच्याकडे गेली तर एका पैशात दोन घरं चालतील.

पाण्याचं विसरू नका. पुरानंतर विहिरी आणि आड गढूळ होतात, जुलाब-उलट्यांची साथ याच दिवसांत येते. बंद बाटल्यांचं पाणी पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं ठीक. त्यानंतर पाणी निर्जंतुक करण्याचं द्रावण किंवा क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, आणि झाकणाची वीस लिटरची कॅन किंवा बादली अधिक उपयोगी. पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला ट्रक रिकामा व्हायला वेळ लागत नाही. गोळ्यांचं एक खोकं मात्र अख्ख्या वस्तीला आठवडाभर पुरतं.

चूल पेटली, आता शिजवायचं काय?

आठवड्याभराने माणसं घरी परततात, भिंतीला टेकून का होईना तीन दगड मांडतात. इथून खरी किराण्याची गरज सुरू होते आणि इथेच हिशोब करून द्यायला हवं.

आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर 'स्फिअर' नावाचे निकष वापरतात. त्यांत माणशी रोज सरासरी २,१०० किलोकॅलरी धरलेल्या आहेत. आपल्या ताटाच्या भाषेत सांगायचं तर माणशी रोज साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि वर शेंगदाणे-गुळासारखं काहीतरी. पाच माणसांच्या घराला दहा दिवस काढायचे तर २० किलो धान्य, ३ किलो डाळ, सव्वा ते दीड लिटर तेल, पाऊण किलो साखर आणि पाव किलो मीठ लागतं.

आता दुसरी बाजू बघा. पूरग्रस्त कुटुंबाला सरकारकडून गहू आणि तांदूळ मोफत मिळतात. २०१९ साली कृष्णा-पंचगंगेच्या पुरात ते प्रत्येकी १० किलो होते, म्हणजे वरच्या हिशोबातलं धान्य जवळपास तिथेच भागतं. ते मिळायला उशीर होतो, यादीत नाव नसलं तर मिळत नाही, हे खरं. अशा घरांची सोय वेगळी करावी लागते. पण ज्यांना मिळतं, त्यांच्या घरात तांदळाच्या थैलीवर थैली चढते आणि फोडणीला तेल नसतं. आपण सगळे तांदूळ देतो, कारण 'धान्य द्या' म्हटलं की आपल्याला आधी तांदूळच आठवतो.

तेव्हा रेशनमधून जे येत नाही, ते तुम्ही द्या. तूरडाळ आणि मूगडाळ. मूगडाळ लवकर शिजते, सरपण वाचतं, आजारी माणसाला आणि लहान मुलाला चालते. गोडेतेलाच्या एक लिटरच्या पिशव्या. मीठ. साखर किंवा गूळ. चहापूड, कारण दिवसभर गाळ उपसणाऱ्या माणसाला चहा लागतोच. काळं तिखट, हळद, मोहरी-जिरं. कांदे-बटाटे चालतील, मात्र ते जाळीच्या पिशवीत आणि दोन दिवसांत पोचणार असतील तरच. काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, मेणबत्त्या, अंगाचा आणि कपड्याचा साबण.

आणि भांडी. एक तवा, एक परात, झाकणासह एक पातेलं, एक कढई, चार ताटल्या, दोन तांबे, एक उलथनं, एक पळी. घर धुऊन गेलेल्या बाईच्या हातात डाळ-तांदूळ पडतात आणि शिजवायला पातेलं नसतं, तेव्हा ती शेजारणीचं पातेलं रिकामं होण्याची वाट बघते, आणि शेजारीणही तिच्यासारखीच गाळातून आलेली असते. तुमच्या घरात माळ्यावर पडून असलेली स्टीलची, चांगल्या अवस्थेतली भांडी या एका कामासाठी बिनदिक्कत द्या. जुनं चालतं अशी यादीतली ही एकच वस्तू.

भाकरीचा मुलूख आहे, लक्षात ठेवा

सोलापूर-मराठवाड्याचं पोट ज्वारीवर चालतं. मंगळवेढ्याची मालदांडी महाराष्ट्रभर नावाजलेली आहे, ती सोलापूर जिल्ह्यातलीच. इथल्या म्हाताऱ्या माणसांना भाकरी नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. दात नसलेला माणूस ती दुधात, वरणात नाहीतर कोरड्यासात कुस्करून खातो, पण त्याला हवी असते भाकरीच. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन जगलेली पिढी अजून या गावांत आहे. भुकेपोटी त्यांनी ती खाल्ली आणि त्यावर जगलेही. पण मिलोच्या भाकरीची चव त्यांना विचारून पाहा, अजून तोंड वाकडं करतील. भूक लागलेल्या माणसाला आवड नसते हा समज पोटभर जेवलेल्या माणसाचा आहे.

गिरण्या सुरू होईपर्यंत ज्वारीचं पीठ द्या, नंतर ज्वारी. पिठाबाबत एक काळजी घ्या. ज्वारीचं पीठ दमट हवेत लवकर कडू होतं आणि जुनं झालं की भाकरी थापताना तुटते. म्हणून ते निघायच्या आदल्या दिवशी दळा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पिशवीत भरा. गरम पीठ बांधलं तर आत वाफ धरते आणि पोचेपर्यंत गोळे होतात. घरगुती दळणापेक्षा गिरणीवाल्याशी बोलून एकदम शंभर-दोनशे किलो दळून घेतलं तर सोपं पडतं. बरेच गिरणीवाले अशा वेळी दळणावळ घेत नाहीत.

सध्या नवरात्र आहे. देवीचं तुळजापूर याच धाराशिव जिल्ह्यात आहे. या भागातल्या असंख्य घरांत बायकांचे नऊ दिवसांचे उपवास चालू आहेत, पुरातही मोडलेले नाहीत. मदतीच्या खिचडीच्या पातेल्याजवळून उपाशी परत जाणारी बाई ओळखू येत नाही, ती काही बोलत नाही. दसऱ्यापर्यंत पाठवायच्या सामानात शेंगदाणे, गूळ, भगर, साबुदाणा, खजूर, केळी यांची सोय ठेवा. शंभर घरांच्या गावाला दोन पोती शेंगदाणे आणि एक पोतं भगर गेली तरी पुष्कळ काम होईल.

हे मात्र देऊ नका

रागावू नका, पण स्पष्ट सांगितलेलं बरं.

जुने कपडे आता नकोत. २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीकडे आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून भिजले आणि शेवटी तो कचरा उचलण्याचं काम पूरग्रस्त गावांवरच आलं. कपडेच द्यायचे असतील तर नवे द्या: लुगडी-साड्या, परकर, अंतर्वस्त्रं, टॉवेल, चादरी, मुलांचे कपडे. सोबत सॅनिटरी पॅड जरूर द्या, ते मागायला कुणी पुढे येत नाही.

तान्ह्या बाळासाठी दुधाची पावडर आणि दुधाची बाटली देऊ नका. हे वाचून तुम्ही थबकाल, म्हणून कारण सांगतो. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं. आई दमलेली, घाबरलेली असली तरी तिला नीट जेवण आणि थोडा आडोसा मिळाला तर दूध येतं. पुराच्या गावात पावडर कालवायला स्वच्छ पाणी नसतं, बाटली उकळायला सोय नसते, आणि त्या बाटलीतूनच बाळाला जुलाब लागतात. १९९२ च्या कायद्यानेही शिशुदुधाची पावडर आणि बाटल्या अशा दान म्हणून वाटायला बंदी आहे, फक्त अनाथालयांचा अपवाद आहे. ज्या बाळाला खरोखरच वरचं दूध लागतं, त्याच्याबद्दल आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ठरवावं. तुम्ही त्या बाळाच्या आईसाठी द्या: डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप, मूगडाळ, अळीव. बाळंतिणीचा असा वेगळा पुडा करून त्यावर ठळक लिहिलंत तर आशाताई तो बरोबर घरात पोचवतील.

लांबून शिजवून आणलेलं अन्न नको. पुण्याहून परंड्याला पोचायला चांगल्या रस्त्यानेही चार-पाच तास लागतात, सध्याच्या रस्त्यांनी किती लागतील सांगता येत नाही. शिजलेला भात, पुलाव, भाजी कोमट अवस्थेत चार तासांहून जास्त राहिली की बिघडायला लागते. आधीच जुलाबाची भीती असलेल्या गावात विषबाधा झाली तर सलाइन लावायला खाट मिळणार नाही. शिजवलेलं अन्न द्यायचं तर तिथल्याच सामुदायिक स्वयंपाकघराला शिधा आणि गॅस द्या. बार्शी, कुर्डुवाडी, माढा, भूम इथली माणसं ताजं शिजवून दोन तासांत वाढू शकतात.

उघडी पाकिटं, सुटा मसाला, घरचं तूप, काचेच्या बरण्या, घरात उरलेली औषधं, मुदत संपत आलेला माल हे काहीच नको. पाकिटावरची तारीख वाचा. निदान तीन महिने शिल्लक असतील तेवढंच द्या. माल पोचायला, वाटला जायला आणि घरात संपायला वेळ लागतो. नियम साधा आहे: उद्या तुमच्याकडे पाहुणे आले तर जे तुम्ही त्यांच्या पुढ्यात ठेवाल, तेच या पिशवीत घाला.

एकच वस्तू, पण भरपूर

एका घराने पंधरा वस्तू थोड्या थोड्या देण्यापेक्षा पंधरा घरांनी प्रत्येकी एकच वस्तू ठरवून दिली तर आमचं निम्मं काम तुमच्याच जिन्यात उरकतं. पहिल्या मजल्याने तूरडाळ, दुसऱ्याने तेल, तिसऱ्याने साखर-चहा, चौथ्याने साबण आणि काडेपेट्या. अशी वाटणी केलेल्या एका सोसायटीकडून परवा एकसारख्या पिशव्या आल्या, प्रत्येकीत तेच सामान, तितकंच. त्यांना हात लावायची गरजच पडली नाही, त्या थेट टेम्पोत चढल्या. गावात वाटतानाही भांडण नाही, कारण शेजारणीच्या पिशवीत काय आहे ते आपल्या पिशवीइतकंच आहे हे सगळ्यांना दिसतं. एकाला काजू आणि दुसऱ्याला नुसतं मीठ मिळालं की पुरात एकमेकांना दोर टाकून वाचवलेली माणसं वाटपाच्या रांगेत एकमेकांशी बोलेनाशी होतात.

बांधणीबद्दल चार गोष्टी. एक, खाण्याचं सामान आणि साबण वेगवेगळ्या पिशव्यांत. दोन, तेलाच्या पिशव्या उभ्या, खोक्यात, पिठापासून लांब. तीन, आत जाड प्लास्टिकची पिशवी आणि बाहेर गोणपाट किंवा कापडी थैली, कारण पाऊस अजून गेलेला नाही आणि टेम्पोची ताडपत्री कधी ना कधी दगा देते. चार, पिशवीचं वजन पंधरा किलोच्या पुढे नको. ती एखादी पन्नाशीची बाई डोक्यावर घेऊन चिखलातून घरी जाणार आहे.

पिशवीच्या बाहेर मार्करने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: आत काय आहे, किती आहे, किती माणसांना किती दिवस. तुमचं नाव लिहायची गरज नाही, आणि नेत्याचा, मंडळाचा किंवा कंपनीचा फोटो तर अजिबात नको. मदत घेताना कुणाचा चेहरा पुढ्यात धरावा लागतो, तेव्हा त्या घासाची चव जाते. वाटपाचे फोटो काढायचेच असतील तर सामानाचे काढा, माणसांचे नकोत. आज रांगेत उभा असलेला माणूस परवापर्यंत पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नव्हता.

वस्तूंपेक्षा पैसे बरे पडतील का?

बऱ्याच वेळा, हो. थोडा विचार करा. तूरडाळ पुण्या-मुंबईला येते कुठून? लातूरच्या डाळमिल्स देशभर माल पाठवतात, बार्शीची बाजारपेठ धान्य-कडधान्यांची जुनी पेठ आहे. ती डाळ तुम्ही शहरातल्या दुकानातून किरकोळ भावाने घेणार, पिशवीत भरणार आणि डिझेल जाळून पुन्हा तिच्या माहेरी पाठवणार. त्याच पैशात तिथल्या आडत दुकानातून ठोक भावाने जास्त डाळ येईल, वाहतूक वाचेल, आणि तिथल्या दुकानदाराची, हमालाची, टेम्पोवाल्याचीही दिवाळी होईल. त्यांचंही या पावसात कमी नुकसान झालेलं नाही.

तेव्हा ज्यांना खरेदीला, बांधाबांधीला वेळ नाही त्यांनी पैसे द्यावेत. तुमच्या ओळखीची, तिथे प्रत्यक्ष काम करणारी, हिशोब दाखवणारी संस्था निवडा. पावती मागा. संकोच करू नका, नीट काम करणाऱ्याला पावती मागितल्याचा राग येत नाही. तशी संस्था माहीत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे, तिथे दिलेल्या रकमेवर आयकरात सवलत मिळू शकते. मोबाइलवर फिरणाऱ्या कुठल्याही क्यूआर कोडवर, ओळख पटल्याशिवाय, एक रुपयाही टाकू नका. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनाही हीच विनंती: तिकडून खाऊची पार्सलं पाठवू नका, रीतसर मार्गाने पैसे पाठवा.

हमरस्त्याच्या पुढे जा

स्वतः गाडी भरून निघणाऱ्यांसाठी हे खास. हमरस्त्यालगतच्या पहिल्या गावात गाडी थांबते, लोक जमतात, सामान उतरतं आणि गाडी परत फिरते. त्या गावात एका दिवशी सहा गाड्या येतात, आणि तिथून सात किलोमीटर आतल्या वस्तीवर एकही पोचत नाही. शेतातल्या वस्त्या, नदीकाठची मच्छीमारांची घरं, गावकुसाबाहेरची वस्ती, पालं टाकून राहणारी कुटुंबं, वीटभट्टीवरचे मजूर यांच्यापैकी अनेकांची नावं यादीत नसतात, काहींकडे रेशनकार्ड नसतं, आणि असलं तरी ते वाहून गेलेलं असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर म्हातारी आणि नातवंडंच मागे राहतात. आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ जवळ आली आहे.

निघण्याआधी तहसील कार्यालयात, ग्रामसेवकांना किंवा तिथल्या शाळेतल्या शिक्षकांना फोन करा. दोनच प्रश्न विचारा: कोणत्या वस्तीवर अजून काही पोचलं नाही, आणि तिथे नेमकं काय हवं आहे? कदाचित उत्तर मिळेल, "धान्य पुरे झालं साहेब, कडबा मिळाला तर बघा." तसं असेल तर कडबा न्या, पेंड न्या. दावणीला उरलेली एक गाय जगली तर त्या घराची रोजची दुधाची आवक जगते.

दसरा, दिवाळी आणि त्यानंतर

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आहे, लक्ष्मीपूजन २१ ला. आपला अनुभव असा की पहिल्या आठ दिवसांत मदतीचा महापूर येतो आणि पंधराव्या दिवशी तो आटतो. पूरग्रस्त घराची ओढाताण मात्र तिथूनच सुरू होते. खरिपाचे पैसे हातात येणार नाहीत. रब्बीची ज्वारी पेरली तरी ती फेब्रुवारी-मार्चशिवाय घरात यायची नाही. म्हणजे मधले पाच महिने विकत घेऊन खायचं आहे, तेही हातात पैसा नसताना.

म्हणून सगळं आजच देऊन टाकू नका. ज्याची दोन हजार रुपये द्यायची ऐपत आहे, त्याने आज पाचशे द्यावेत आणि उरलेले तीन हप्ते दिवाळीच्या आधी, डिसेंबरात आणि संक्रांतीला द्यावेत. सोसायट्यांनी, मंडळांनी, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी एकेका वस्तीशी नातं जोडावं आणि मार्चपर्यंत महिन्याला एक फेरी ठेवावी. एकाच वस्तीवर वारंवार गेलं की तिथल्या माणसांची नावं कळतात, कुणाला मधुमेह आहे, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाच्या मुलीची दहावी आहे हे कळतं, आणि मग काय द्यायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी गेलं. लातूरला त्या वेळी पाणी हवं होतं आणि मिरजेने पाणीच पाठवलं. मदत अशी असते.

आज संध्याकाळी एवढं करा. सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप टाका, मजल्यांप्रमाणे वस्तू वाटून घ्या. जिथे सामान पोचवायचं आहे तिथे फोन करून आज काय हवं आहे ते विचारा. वाण्याकडून नवा, तारीख बघितलेला माल घ्या. पुढच्या दोन दिवसांत तो जवळच्या केंद्रावर आणून द्या, आणि तासभर वेळ असेल तर पिशव्या भरायला थांबा. दिवाळीच्या खरेदीची यादी कराल तेव्हा त्या यादीत आणखी एका घराचा किराणा लिहा. तो तुमच्या घरच्या किराण्यासारखाच, त्याच दुकानातला आणि त्याच प्रतीचा असू द्या.